सूर्याची वीज आणि जमिनीचा धनी

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, सांताक्रूझ)

देशास लागणारी वीज यापुढे कोळशाऐवजी सूर्य, वारा व पाणी यांपासून जितकी अधिक मिळविता येईल तितकी मिळवावी, या धोरणाविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो निराळ्याच गोष्टीसंबंधी, आणि ती गोष्ट आपल्या बांधापर्यंत येऊन ठेपली आहे. ही वीज आकाशात पिकत नाही. ती जमिनीवर पिकते. मग ज्या जमिनीवर ती पिकावयाची त्या जमिनीच्या धन्याचे या व्यवहारातील स्थान कोणते? आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. कोरडवाहू जमिनीच्या खातेदाराने या कामी जमीन अवश्य द्यावी. परंतु ती भाडेपट्ट्याने द्यावी, विकू नये, आणि पट्ट्याचा कागद स्वतः वाचल्यावाचून अंगठा वा सही करू नये. महसूल खात्यात कागद लिहिण्यात व वाचण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यास या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आहे असे आम्ही समजतो.

प्रथम देशाची गरज पाहू. आपणांस लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून येते. सन २०२२ मध्ये रशिया व युक्रेन यांचे युद्ध जुंपले तेव्हा तेल, वायू व खते या तिहींचे भाव कसे चढले, हे खताच्या दुकानी उभे राहिलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, कित्येक औष्णिक केंद्रांत चार दिवसांपुरताही कोळसा शिल्लक नव्हता. सूर्यप्रकाश जहाजाने आणावा लागत नाही व त्याची वाट कोणी अडवू शकत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. यावर कोणी म्हणेल की सौरफलकांतील सिलिकॉनच्या चकत्या अद्याप मुख्यत्वे चीनमधूनच येतात, मग परावलंबन सुटले कोठे? आक्षेप खरा आहे. परंतु फलक एकदा विकत घेतला म्हणजे तो २५ वर्षे वीज देतो. तेल आज घेतले ते आजच जळून जाते. बैल परगावच्या बाजारातून आणला म्हणून रोजची नांगरट परगावच्या हाती जात नाही, तसेच हे आहे.

जून २०२५ मध्ये देशातील वीज निर्माण करण्याच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांवाचून चालणारी झाली. हे उद्दिष्ट सन २०३० साठी ठरविले होते. ते पाच वर्षे आधी गाठले, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि क्षमता आणि उत्पन्न यांत भेद आहे. सूर्य रात्री नसतो, वारा मनास येईल तेव्हा वाहतो; यामुळे प्रत्यक्ष जळणाऱ्या दिव्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दिवे अजूनही कोळशावरच जळतात. सन २०७० पर्यंत हवेत धुराची निव्वळ भर शून्यावर आणण्याचे वचन भारताने २०२१ साली ग्लासगो येथे दिले. वचन व वस्तुस्थिती यांत जे अंतर आहे ते भरून काढण्यासाठी जी जमीन लागणार, ती शहरात नाही.

धूर कमी करण्यात शेतकऱ्याचा काय लाभ, असेही विचारण्यात येते. आम्ही राहतो त्या सांताक्रूझच्या वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. एका पावसावरून हवामानाचे निदान करणे शहाणपणाचे नव्हे. परंतु हवा तापली म्हणजे ती अधिक बाष्प धरते, आणि मग पाऊस थोड्या दिवसांत फार पडतो व मधले दिवस कोरडे जातात, एवढे शास्त्र आता निश्चित झाले आहे. शहरवासीयाचे अशाने दोन दिवस हाल होतात. शेतकऱ्याचा सबंध हंगाम जातो. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीचे पंचनामे ज्यांनी लिहिले त्यांस हे निराळे सांगावयास नको.

आता मुख्य विषयाकडे येऊ. मुंबईच्या उपनगरांत दिवा कसा लागला, याचा इतिहास शेतकऱ्याने समजून घेण्याजोगा आहे. कारण तो बहुतेक सगळा शेतकऱ्यांच्या जमिनीचाच इतिहास आहे.

सांताक्रूझच्या पूर्वेचा पुष्कळसा भाग जुन्या दप्तरी मौजे कोलेकल्याण म्हणून लिहिलेला आहे. एके काळी येथे भाताची खाचरे होती. सन १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे वीजगृह सुरू झाले, त्यामागून १९२२ साली भिवपुरीचे व १९२७ साली भिऱ्याचे. लोणावळा, वळवण व शिरवटा येथे सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेले पाणी कोकणात सोडून ही वीज होऊ लागली. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची आगगाडी धावू लागली व १९२९ मध्ये उपनगरांस वीज पुरविणारी कंपनी, बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, स्थापन झाली. पुढे या कंपनीचे मुख्य कार्यालय सांताक्रूझ येथेच होते. कोळशाचा कण न जाळता मुंबईच्या गिरण्या चालल्या. आज ज्यास नवीकरणीय ऊर्जा असे भारदस्त नाव आहे, ती आपल्या प्रांतात शंभर वर्षांपूर्वीच आलेली आहे.

परंतु भिऱ्याच्या वीजगृहाचे पाणी मुळशीचे आहे. मुळा व निळा यांच्या संगमावरील त्या धरणाखाली मुळशी पेट्यातील पन्नासाच्या आसपास गावांची भातशेते व घरे जावयाची होती. जमीन ताब्यात घेण्याचे रीतसर सोपस्कार होण्यापूर्वीच शेतांत खोदकाम सुरू झाले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामावर जाऊन बसले. पुढे पांडुरंग महादेव बापट यांनी हा लढा चालविला. सेनापती ही पदवी त्यांस याच लढ्यात मिळाली. सत्याग्रह तीन-चार वर्षे चालला व अखेर मोडला. तो का मोडला याची कारणे अनेक आहेत, पण महसुली नोकराच्या नजरेस त्यांतले एक विशेष भरते. पुष्कळ जमिनी कसणारे मावळे होते आणि कागद पुण्याच्या सावकारांच्या नावे होता. ज्याचे पोट जमिनीवर होते त्याचे नाव कागदावर नव्हते, आणि ज्याचे नाव होते त्यास रोख मोबदला गोड लागला. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावला तेव्हा मोबदला कागदाप्रमाणेच वाटला गेला.

एक गोष्ट आणखी. मुळशीचे जे पाणी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जावयाचे, ते वीज करून पश्चिमेस कोकणात उतरते व समुद्रास मिळते. ते पाणी परत पूर्वेस सोडावे अशी मागणी पुणे व सोलापूर जिल्ह्यांतून दुष्काळाच्या प्रत्येक वर्षी होते. वीज स्वच्छ असली म्हणून तिची किंमत कोणी दिलीच नाही, असे नव्हे.

पाण्याची वीज अपुरी पडू लागल्यावर उपनगरांसाठी डहाणू येथे ५०० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र उभारण्यात आले. ते १९९५ च्या सुमारास पूर्ण चालू झाले. डहाणू-घोलवड हा चिकूचा मुलूख. कोळशाच्या धुरातील गंधकाने बागांचा मोहोर व फळ बिघडेल म्हणून बागायतदार न्यायालयात गेले. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. त्याच्या पाठपुराव्याने केंद्रास गंधक काढून घेणारे यंत्र बसवावे लागले. तेही केंद्र सुरू झाल्यावर बारा वर्षांनी. बागायतदारांचे येथे जे थोडेफार साधले ते त्यांनी एकत्र येऊन, वकील देऊन, वर्षानुवर्षे तारखा करून साधले.

आज सांताक्रूझच्या घरांतील विजेचा मोठा भाग राजस्थानात जैसलमेरकडे उभारलेल्या ७०० मेगावॉटच्या सौर व पवन प्रकल्पातून येतो. येथील विमानतळ २०२२ पासून आपली सर्व वीज नवीकरणीय साधनांतून घेतो असे जाहीर झाले. पण त्यातील विमानतळाच्या छपरांवर होणारी वीज शेकडा पाचाच्या आसपास आहे, बाकीची बाहेरून येते. इतकी विस्तीर्ण छपरे असूनही ही स्थिती. छपरांनी शहर उजळणार नाही, हे यावरून समजावे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघ्याकडील वाहिन्या बंद पडताच सारी मुंबई अंधारात गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. शहराचा श्वास गावाकडून येणाऱ्या तारेवर आहे. हे गावाने ध्यानात ठेवून सौदा केला पाहिजे.

महाराष्ट्रात सध्या जी योजना जोरात आहे ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. ती २०१७ साली निघाली व २०२३ मध्ये सुधारून दुसऱ्यांदा मांडली गेली. गावाजवळच्या उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत लहान सौर प्रकल्प उभारावयाचा, आणि त्याची वीज त्याच उपकेंद्रावरील शेतीच्या फीडरला दिवसा द्यावयाची, अशी ही कल्पना आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. त्यासह पाच ठिकाणच्या १९ मेगावॉटच्या प्रकल्पांचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. एकूण संकल्प १६,००० मेगावॉटचा आहे. एका मेगावॉटास चार ते पाच एकर जमीन लागते, म्हणजे एवढ्याच योजनेस ६४ ते ८० हजार एकर हवी.

या योजनेचा हेतू आम्हांस मनापासून पसंत आहे. रात्रीची थ्री फेज म्हणजे काय हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. रात्री दोन वाजता मोटार चालू करण्यास विहिरीवर जावे, पायाखाली साप, उसात बिबट्या, आणि दारे धरावयास बरोबर पोर. दिवसा आठ तास वीज मिळाली तर एवढ्यानेच कितीएक जीव वाचतील. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस मार्च २०२९ पर्यंत वीजबिल माफ आहे हे खरे. पण माफी ही तिजोरीच्या कृपेवर असते, आणि स्वस्त दिवसाची वीज ही व्यवस्थेवर असते. दुसरीचा भरवसा अधिक.

जमिनीच्या भाड्याचा हिशेब मात्र आपण स्वतः मांडला पाहिजे. योजनेत हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे व दरसाल ३ टक्के वाढ ठरली आहे. एकरी हे सुमारे ५० हजार पडते. कोरडवाहू सोयाबीन एकरी सहा क्विंटल धरले व २०२४-२५ चा ४,८९२ रुपयांचा हमीभाव पुरा मिळाला असे समजले (तो मिळत नाही, ही गोष्ट अलाहिदा), तरी एकरी २९ हजारांच्या आतबाहेर येतात, आणि त्यांतून बियाणे, खत, फवारणी व मळणी वजा व्हावयाची. तेव्हा मुरमाड, हलक्या जमिनीच्या धन्यास हा व्यवहार नफ्याचा आहे यात शंका नाही. काळ्या बागायती जमिनीच्या धन्याने मात्र याच्या मोहात पडू नये.

आता वाढीकडे पाहू. दरसाल ३ टक्क्यांनी १ लाख २५ हजारांचे तिसाव्या वर्षी सुमारे २ लाख ९४ हजार होतात. आकडा मोठा दिसतो. पण महागाई जर दरसाल ६ टक्क्यांनी वाढली, तर त्या २ लाख ९४ हजारांची किंमत आजच्या सुमारे ५४ हजारांइतकीच राहील, म्हणजे आजच्या भाड्याच्या निम्म्याहूनही कमी. हे गणित गावच्या सभेत कोणी मांडून दाखवीत नाही. आपल्यासारख्या संस्थांनी एकत्रितपणे मागावयाचे असेल तर हेच मागावे, की दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार व्हावा व तो महागाईशी बांधलेला असावा.

कित्येक खातेदारांस वाटते की पट्ट्याने दिलेली जमीन परत येत नाही, कूळ लागते. त्यापेक्षा विकून मोकळे व्हावे. १९४८ च्या कुळकायद्याची व १९५७ च्या कृषक दिनाची ही धास्ती तिसऱ्या पिढीपर्यंत उतरली आहे. पण कुळाचा हक्क जमीन कसण्यातून उत्पन्न होतो. फलक उभे करणारा जमीन कसत नाही. त्याचा करार बिनशेती कामाचा, ठराविक मुदतीचा असतो. त्याचे कूळ होण्याची भीती बाळगून जमीन विकणे म्हणजे सावलीस भिऊन घर सोडणे होय. विकलेल्या जमिनीचे पैसे एका लग्नात व एका घरात संपतात. सक्तीने गेलेल्या जमिनीची कथा तर याहून वाईट. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात विखरण येथील वृद्ध शेतकरी धर्मा पाटील हे वीज प्रकल्पासाठी संपादित झालेल्या आपल्या जमिनीच्या मोबदल्याबद्दल कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून थकले. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयातच त्यांनी विष घेतले, व २८ जानेवारीस त्यांचा मृत्यू झाला. सूर्याच्या विजेची भरभराट सांगताना हे नाव वगळून चालणार नाही.

पट्ट्याच्या कागदात काय पाहावे? एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच असला पाहिजे. साध्या मुद्रांकावरील करारास न्यायालयात उभे राहण्यापुरतेही बळ नाही. पट्टा सरकारी कंपनीशी होत आहे की मधल्या ठेकेदाराशी, आणि ठेकेदार बदलला तर भाडे कोण देणार, हे नाव घालून लिहिलेले असावे. सातबारावर पट्टेदाराचे नाव इतर हक्कांत यावे. कब्जेदार सदरी येता कामा नये. फेरफाराची नोटीस आली म्हणजे ती वाचावी, हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी. मागाहून तलाठ्याच्या, आता ज्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्या, नावाने बोटे मोडून उपयोग नाही. कंपनीने आपली यंत्रसामग्री खुशाल गहाण ठेवावी, पण जमीन गहाण ठेवण्याचा अधिकार तिला नसावा. बिनशेती आकार व इतर कर कोणी भरावयाचे हे स्पष्ट असावे. सोसायटीचा बोजा असेल तर तिची संमती आधी घ्यावी. आणि मुदत सरल्यावर फलक, लोखंड व जमिनीत रोवलेले काँक्रीट कोणी काढून न्यावयाचे, याचे कलम अवश्य असावे, व त्यासाठी अनामत घेतलेली असावी. हे शेवटचे कलम नसले तर तीस वर्षांनी नातवाच्या वाट्यास भंगाराचे शेत येईल.

शेतकऱ्याने नुसते भाडे का घ्यावे, वीज स्वतःच का विकू नये, असाही प्रश्न आहे. २०१९ च्या प्रधानमंत्री कुसुम योजनेत शेतकरी, सहकारी संस्था व ग्रामपंचायती यांस ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचे प्रकल्प उभारण्याची मुभा आहे. सहकाराचे सामर्थ्य आपल्या प्रांतात नवे नाही. साखर कारखान्यांनी बगॅसपासून २,००० मेगावॉटहून अधिक वीज निर्माण करण्याची शक्ती उभी केली, ती शेतकऱ्याच्या उसावरच. पण श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थाही आपल्याच प्रांतातली. अनेक वर्षे ग्रामीण भागास वीज पुरवूनही थकबाकीच्या ओझ्याने तिचे काम २०११ मध्ये महावितरणकडे गेले. वीज विकणे सोपे, पैसे वसूल करणे कठीण. ज्या संस्थेचे लेखे चोख आहेत तिनेच यात पडावे; इतरांनी भाडे घ्यावे हे बरे.

सरकार गायरानांवरही प्रकल्प उभारीत आहे. गायरान म्हणजे मोकळी जमीन असे नकाशावर दिसते. धनगराच्या मेंढरांस व भूमिहीनाच्या शेळीस ते तसे दिसत नाही. खाजगी पडीक जमिनीचे धनी पट्टा देण्यास पुढे आले तर गायरानावरील भार तितका कमी होईल.

सूर्य मावळल्यावर शहरास जी वीज हवी तिची तजवीज पुन्हा मावळातच होऊ घातली आहे. दिवसाच्या स्वस्त विजेने पाणी डोंगरावर चढवावयाचे व संध्याकाळी ते खाली सोडून वीज करावयाची, ही पद्धत भिऱ्यास १५० मेगावॉटच्या संचावर आधीपासून चालते. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरवटा येथे १,८०० व भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या अशा प्रकल्पांचा करार केला. शंभर वर्षांपूर्वीचीच ठिकाणे व तेच डोंगर. या वेळी २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. त्यात मोबदला, पुनर्वसन व सामाजिक परिणामांची पाहणी यांची कलमे आहेत, जी मुळशीच्या मावळ्यांस लाभली नव्हती. पण मोबदला आजही नावावरच निघतो. सबब त्या बाजूच्या शिवारांतील खातेदारांनी आपले सातबारा व आठ-अ चे उतारे आताच काढून पाहावेत. आजोबांच्या नावावर राहिलेल्या जमिनीस वारस लावून घ्यावेत, बहिणींची नावे राहिली असतील तर ती चढवावीत, सामाईक खाते असेल तर वाटप करून घ्यावे, आणि विहीर, झाडे व बांध यांची नोंद पीकपाहणीत करवून घ्यावी. वारसाच्या नोंदीस हरकत आली तर ती मिटण्यास वर्ष जाते, आणि मोजणीदार एकदा शिवारात उतरला म्हणजे तेवढा अवधी मिळत नाही.